दुपारी लाट, संध्याकाळी वीज

मे महिन्यात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे पत्रक नेमाने वाचणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. एकाच जिल्ह्यापुढे, एकाच तारखेला दोन इशारे छापलेले असतात. पहिला, ‘तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता’. दुसरा, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी 40 ते 50 किमी वेगाने सोसाट्याचा वारा’. चहाच्या टपरीवर यावर ठरलेली शेरेबाजी होते: यांना काही कळत नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवतात, एक तरी खरे होईलच. विनोद म्हणून ठीक आहे. पण विदर्भात दुपारची होरपळ आणि संध्याकाळचे वादळ या एकाच घडामोडीच्या दोन बाजू असतात. ती कशी घडते हे एकदा नीट समजले की ती दोन वाक्ये एकमेकांना खोडत नाहीत, घड्याळ लावून एकामागून एक वाचता येतात.

सुरुवात पाऱ्यापासून करू, कारण बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. वर्तमानपत्रात छापले जाणारे 44.6 अंश हे तापमान सावलीतले असते. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, चारी बाजूंनी दुहेरी झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी उभी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. (ही पेटी बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. ते मूळचे दीपगृहे बांधणारे अभियंते.) आतला तापमापक उन्हात तापता कामा नये आणि जमिनीची धगही त्याला थेट लागता कामा नये; त्याने फक्त हवा मोजायची. म्हणून मोबाइलवर 44 दिसत असताना डांबरी रस्ता 60 च्या पुढे गेलेला असतो आणि पत्र्याच्या छपराखाली शिजायची वेळ येते. दोन्ही खरे आहे, मोजलेली वस्तू वेगळी आहे.

मोजणीत गोंधळ होतच नाही असे नाही. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि दिवसभर देशभरच्या वाहिन्यांवर नागपूर भाजत राहिले. संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने लगेच स्पष्ट केले, पण तोवर तो आकडा सर्वदूर पोचला होता. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश नोंदवले, तिथेही संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. एखाद्या केंद्राचा आकडा आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा सात-आठ अंशांनी वर असेल तर आधी यंत्रावर संशय घ्यावा, हा साधा नियम.

आता ‘लाट’. हा शब्द आपण सैल वापरतो, खाते मोजूनमापून वापरते. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंश हवे, किनारपट्टीवर 37 आणि डोंगराळ भागात 30. शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी किंवा त्याहून जास्त वर हवे, 6.4 च्या पुढे गेले तर तीव्र लाट. दुसरी वाट सरळ आकड्याची: 45 गाठले की लाट, 47 गाठले की तीव्र लाट, मग सरासरी काहीही असो. हे एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस घडावे लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. महाराष्ट्रात असे चार उपविभाग आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ.

या व्याख्येची गंमत नागपूरकराला बरोबर कळते. मेच्या मध्यावर नागपूरची सरासरीच 42 च्या पुढे असते. म्हणजे 44 अंशांना शहर ओस पडलेले असले, सिग्नलवर दुचाकीवाले झाडाची सावली गाठून तीस फूट मागेच थांबत असले, तरी कागदावर ती लाट नसते. उलट मार्चमध्ये मुंबईत 38 झाले की लाट, कारण तिथे त्या दिवसांची सरासरी 33 च्या आसपास असते. जमिनीवरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांनी समुद्रावरचा वारा अडवला, तो अकराऐवजी दुपारी दोनला आत शिरला, की मुंबईचा पारा असा उडतो.

मला या व्याख्येत एक मोठी उणीव वाटते: तिच्यात दमटपणाला जागाच नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने 14 जण दगावले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी सुमारे 38 अंशांची नोंद होती. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हायसे वाटेल. पण डोक्यावर छत नाही, हवेत समुद्राची ओल आणि तासन्‌तास एका जागी बसून राहणे. शरीराला एवढे पुरे होते.

शरीराचे गणित असे. आतले तापमान 37 अंशांच्या आसपास राखायचे असते आणि त्वचा साधारण 35 वर असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की उलटा प्रवाह सुरू होतो, हवाच अंगात उष्णता भरू लागते. मग एकच वाट उरते, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र वाळला तर. अंगावरून नुसता ओघळून गेला तर त्याचा उपयोग नाही. घाम वाळायला हवा कोरडी लागते.

ही गोष्ट हवामानशास्त्रज्ञ ओल्या फडक्याने मोजतात. तापमापकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळून वारा दिला की बाष्पीभवनाने पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. त्या हवेत घामाने किंवा कूलरने जास्तीत जास्त एवढाच गारवा मिळू शकतो. नागपुरात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा पारा जवळजवळ 23 वर उतरतो. म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात राज्य करतो आणि मुंबईत निव्वळ पाणी उडवतो. आता तापमान 36 पर्यंत खाली आणा आणि आर्द्रता 55 टक्के करा. ओले फडके 28 च्या वरच थांबते. छापील आकडा आठ अंशांनी कमी, पण घामाचे काम अवघड. वादळ येऊन गेल्यानंतरच्या दुपारी विदर्भात नेमकी हीच अवस्था असते. कूलर लावूनही अंग चिकचिकते आणि माणसे म्हणतात, कालच्या पावसाने उलट उकाडा वाढवला. ते बरोबर म्हणतात.

मग विदर्भ एवढा तापतो का? सूर्य डोक्यावर असतो हे उत्तर अर्धेच आहे. नागपूर 21 अंश अक्षांशावर असल्याने 26 मेच्या सुमारास तिथे सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि दुपारी सव्वाबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पंचांगातला नवतपाही याच दिवसांत, सूर्य रोहिणीत शिरला की, म्हणजे 25 मेपासून सुरू होतो. नवतपा पुरता तापला तर पाऊस चांगला, या समजुतीला मी फारसे वजन देणार नाही. उन्हाच्या कळसाच्या तारखा मात्र जुन्या लोकांनी बरोबर हेरल्या होत्या. तरीही सूर्य माथ्यावर मुंबईतही येतो, 15 मेच्या सुमारास, आणि मुंबई 34 च्या आसपासच थांबते.

फरक पडतो तो पाण्याने. जमिनीत ओल असेल तर सूर्याची बरीच शक्ती ते पाणी वाफेत बदलण्यात खर्ची पडते आणि हवा तेवढी तापत नाही. मार्चअखेर विदर्भातली काळी जमीन सुकून भेगाळलेली असते, हरभरा-गहू निघून गेलेले असतात, नाले कोरडे पडलेले असतात. ऊन पडते ते सगळे मातीला आणि मातीवरच्या हवेला तापवण्यात जाते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे दुपारी आत शिरणारा गार वारा नाही. वरून वायव्येचा वारा राजस्थानच्या बाजूची तापलेली कोरडी हवा घेऊन येतो. यात भर पडते ती वरच्या थरातल्या जास्त दाबाच्या क्षेत्राची. असे क्षेत्र मध्य भारतावर ठाण मांडून बसले की हवा वरून खाली दबत येते, आणि कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला जवळजवळ 10 अंशांनी तापते. ढग तयारच होत नाहीत. निरभ्र आकाश, दबणारी हवा, सुकी माती, वायव्येचा वारा असे चौघे एकत्र आले की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावे देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत दिसू लागतात. 2013 च्या मे महिन्यात नागपूर याच मार्गाने 47.9 वर गेले होते.

सूर्य सव्वाबाराला माथ्यावर असला तरी पारा चढतो तीन-साडेतीनपर्यंत, कारण जमिनीला मिळणारी उष्णता तोवर तिच्याकडून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते. आणि रात्र? कमाल तापमान 40 च्या पुढे असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वर राहिले तर खाते त्याला उष्ण रात्र म्हणते. पत्रकातला हा शब्द वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रच मिळते, आणि सिमेंटच्या घरात, वरच्या मजल्यावर, वीज गेलेली असताना ती मिळत नाही. उष्णतेचे बळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढतात त्याचे एक कारण या रात्री आहेत.

आता दुसरे वाक्य, मेघगर्जनेचे.

उन्हाळ्यात मध्य भारतावर दोन वेगळ्या वाऱ्यांची हद्द असते. एका बाजूला वायव्येचा कोरडा वारा, दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागरावरून येणारा आग्नेयेचा दमट वारा. पत्रकात ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा’ अशी ओळ वारंवार दिसते. तिला कंटाळून पुढे जाऊ नका, कारण तो पट्टा म्हणजेच ही हद्द आणि सगळी मेख तिथे आहे. ही हद्द पूर्वेला सरकली की सारा विदर्भ कोरड्या वाऱ्याखाली, म्हणजे लाट. पश्चिमेला सरकली की दमट हवा आत, म्हणजे ढग. बरोबर विदर्भावरून गेली की अकोला भाजते आणि त्याच संध्याकाळी गोंदियात झाडे पडतात. विदर्भ नावाचा एकच रकाना असलेल्या पत्रकात मग दोन्ही इशारे येणारच. एकाच जिल्ह्यातही ते येतात, कारण दमट हवा सकाळी हळूच शिरते आणि दुपारचे ऊन तिला पेटवते.

हे कसे, ते पाहू. सकाळी नऊ-दहाला हवेत ओल जाणवते, आकाश पांढुरके दिसते, तरी ढग नसतो. कारण जमिनीपासून काही उंचीवर कोरड्या गरम हवेचा एक थर पसरलेला असतो आणि खालून वर निघालेली हवा त्याला अडकते. दुपारी दोन-तीनपर्यंत खालची हवा इतकी तापते की ती हा थर फोडते. जेवढा थर टणक, तेवढा स्फोट मोठा, कारण तोवर खाली उष्णता आणि बाष्प साठत गेलेले असते. वर निघालेली हवा थंड होत जाते आणि सुमारे तीन किलोमीटरवर तिच्यातले बाष्प सुटू लागते. तो ढगाचा तळ. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तीच हवेला आणखी वर ढकलते. पाच किलोमीटरच्या आसपास गोठणरेषा ओलांडली जाते. अर्ध्या-पाऊण तासात कापसाच्या बोंडाएवढा वाटलेला ढग बारा-चौदा किलोमीटर उंच गेलेला असतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो. पश्चिमेकडून वरच्या थरात गार हवेची एखादी झुळूक आलेली असली तर हे सगळे आणखी झपाट्याने होते.

इथे कोरड्या विदर्भाचा खास गुण दिसतो. ढगाचा तळ तीन किलोमीटर उंच, त्याखाली भट्टीतून निघालेली कोरडी हवा. पाऊस त्या हवेतून पडताना वाटेतच बराचसा वाळून जातो आणि वाळताना हवेला थंड करतो, अगदी घरच्या कूलरमध्ये घडते तसेच, फक्त काही किलोमीटर उंचीच्या मापात. थंड हवा जड असते. ती धपकन जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना पसरते. म्हणून विदर्भातल्या मे महिन्याच्या वादळात आधी धूळ येते, मग वारं-वावधन आणि पाऊस सर्वांत शेवटी, तोही अनेकदा चार टपोरे थेंब. पत्रे उडतात, होर्डिंग पडतात, कैऱ्यांचा सडा पडतो आणि रस्ता धड ओलाही होत नाही. पंधरा-वीस मिनिटांत पारा दहा-बारा अंशांनी उतरतो. त्याच दिवसाचे कमाल तापमान मात्र तीन वाजताच नोंदवून झालेले असते: 44.2. दोन्ही इशारे खरे ठरलेले असतात.

ढगातला वर जाणारा झोत जोरकस असेल तर गोठलेले थेंब पुन्हा पुन्हा वर फेकले जातात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की गारा पडतात. मेपेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा तडाखा शेतीला जास्त, कारण तेव्हा पीक उभे असते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. गहू, हरभरा, संत्रा, द्राक्ष सगळे झोपले होते.

वीज तयार होते तीही त्याच बर्फामुळे. ढगात छोटे हिमकण वर जात असतात आणि मऊ गारा खाली येत असतात. त्यांच्या टकरींत विद्युतभाराची देवाणघेवाण होते. हलके कण धनभार घेऊन माथ्याकडे जातात, जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात. फरक पुरेसा वाढला की ढगातल्या ढगात किंवा ढग आणि जमीन यांच्यात ठिणगी पडते. त्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते, स्फोटासारखी फुगते आणि तोच गडगडाट. प्रकाश तत्क्षणी दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांच्यात नऊ सेकंद मोजले तर वीज तीन किलोमीटरवर पडली. काही विजा ढगाच्या माथ्यावरून निघून दहा-पंधरा किलोमीटर दूर, डोक्यावर निळे आकाश असताना पडतात. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर आडोसा पाहू, हा हिशेब मुळातच उशिराचा.

आपण उन्हाला भितो आणि विजेला दैवावर सोडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार 2022 मध्ये देशात उष्माघाताने 730 मृत्यू झाले आणि वीज पडून 2,887. मात्र या तुलनेला एक मोठी खोच आहे. वीज पडून मेलेला माणूस कोणालाही कळतो. उन्हाने मेलेल्याच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी असे लिहिले जाते. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला होता. त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्यावर नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासकांना आढळले. त्यातूनच 2013 मध्ये अहमदाबादचा उष्मा कृती आराखडा झाला आणि पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला. म्हणजे वीज मोजून मारते, ऊन न मोजता.

विजेच्या बळींमध्ये शेतमजूर, गुराखी आणि झाडाखाली थांबलेली माणसे जास्त असतात. मे महिन्यात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलांत तेंदूपत्ता तोडायला गावेच्या गावे बाहेर पडतात. तोडाई पहाटे सुरू होते ती उन्हासाठी, आणि ते शहाणपणाचे आहे. पण पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, आणून वाळत घालायचे काम दुपारनंतरपर्यंत चालते, आणि ढग आला की पत्ता भिजू नये म्हणून धावपळ होते ती उघड्यावरच. गुरे इतकी का मरतात? वीज झाडावर पडली की जमिनीतून चहूकडे पसरते आणि दोन बिंदूंमध्ये विद्युतदाबाचा फरक पडतो. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तिच्या अंगातून जाणारा प्रवाहही जास्त, आणि वाटेत हृदय. माणसाने उघड्यावर सापडल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे असे सांगतात त्यामागचे कारण हेच. झोपू मात्र नये.

एवढे कळल्यावर पत्रक वाचणे सोपे आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ पाऊण भागापर्यंत आणि त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. तुरळक ठिकाणी वादळ म्हटले आणि तुमच्या गावात पान हलले नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग पाऱ्याचा आकडा सांगत नाहीत, तुम्ही काय करायचे ते सांगतात. बातमी देणारे नेमके हेच विसरतात.

अंदाज किती दिवसांचा आहे यावर त्याचा भरवसा ठरतो. मार्चअखेर येणारा एप्रिल-मे-जूनचा अंदाज फक्त कल दाखवतो. 2025 चेच पाहा. त्या उन्हाळ्यात देशाच्या बऱ्याच भागात लाटांचे दिवस सरासरीपेक्षा जास्त असतील असा कल होता. प्रत्यक्षात मे महिन्यात देशात 126.7 मिमी पाऊस पडला, 1901 पासूनच्या नोंदींतला मेमधला सर्वाधिक, आणि 26 मेला मान्सून मुंबईत होता. त्या कलावर विसंबून लग्नाची तारीख ठरवू नये, पण गावात पाण्याची टाकी आणि दवाखान्यात सलाइनचा साठा ठरवायला तो पुरतो. पाच दिवसांच्या अंदाजात लाट बऱ्यापैकी पकडता येते, कारण जास्त दाबाचे क्षेत्र रातोरात हलत नाही. वादळाचे तसे नाही. कोणता ढग कोणत्या तालुक्यावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी रडार पाहून दिला जाणारा पुढच्या तीन तासांचा इशाराच खरा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमध्ये पडणाऱ्या विजा दाखवते आणि ते फुकट आहे. शेतात जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या एका तरी मोबाइलवर ते असावे.

तेव्हा ज्या दिवशी दोन्ही इशारे असतील तो दिवस असा धरा. सकाळी दहापर्यंत कष्टाची कामे उरकून घ्या. बारा ते चार बाहेर पडू नका. पडावेच लागले तर डोक्याला दुपट्टा, बरोबर पाणी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पिणे. ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी चांगले, चहा आणि दारू नको. कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

तीननंतर नजर आकाशाकडे ठेवा. क्षितिजावर काळा ढग आणि गार झुळूक आली की ऊन संपले म्हणून अंगणात खाटा टाकू नका, आत जा. चमक दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरा. झाड, पत्र्याची टपरी, विहिरीचा काठ आणि विजेचा खांब टाळा, जनावरे झाडाखाली बांधू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच बाहेर पडा. आणि दुसऱ्या दिवशी पारा 38 वर आलेला दिसला तरी म्हाताऱ्या माणसांकडे, अंगणवाडीतल्या मुलांकडे आणि बांधकामावरच्या मजुरांकडे लक्ष असू द्या.